डावा टाका

टोपी बाजारात एक ब्राह्मणाची विधवा तंबू शिवायला बसली, ही बातमी १९५४ साली ग्वाल्हेर शहराच्या लश्कर भागात जितकी चघळली गेली, तितकी मध्यभारताच्या मंत्र्यांची भांडणंही कधी चघळली गेली नाहीत. मंत्री काय, येत-जात राहतात. पण राजपुरोहितांच्या घरातली सून मांडीवर खाकी जीनचं कापड घेऊन, हातात वीतभर लांब दाभण धरून, भर बाजारात ओट्यावर बसते, हे बघायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून येत. गल्लीतल्या सुमनताई तर रोज एक सुईचं पाकीट घ्यायला यायच्या. वर्षभरात त्यांच्याकडे एवढ्या सुया झाल्या की त्यांचा नवरा घरात चप्पल घालून फिरू लागला.

बाईचं नाव शरयू. वय तेव्हा एकतीस. नवरा विषमज्वराने गेला त्याला सात वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून ती दीर गोपाळकृष्ण, जाऊ आणि त्यांचा मुलगा यांच्याकडे राहत होती. राहत होती म्हणजे स्वयंपाक करत होती. गोपाळकृष्ण सचिवालयात कारकून. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्याला गरम पोळी ताटात मिळते तिच्यामागे कोणीतरी उभं असतं, हे त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

शरयूचा एकच दोष होता, आणि तो जन्माचा. ती डावरी. लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच श्राद्धाला तिचा डावा हात पदराने कमरेशी बांधून ठेवला होता, कारण डाव्या हाताने वाढलेलं पितरांपर्यंत पोचत नाही. पितरांचं माहीत नाही. पंगतीतल्या भटजींना मात्र चांगलं पोचायचं, दोन-दोन वेळा.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात वावटळ उठली आणि मांडवाचं कापड हातभर फाटलं. आत कीर्तन चाललेलं, बाहेर कार्यकर्ते एकमेकांवर खेकसत होते. शरयू बायकांतून उठली, कोपऱ्यात पडलेली सुतळी आणि दाभण उचलली, आणि बुवांचा पूर्वरंग संपायच्या आत फाटलेलं शिवून परत जागेवर जाऊन बसली. मांडव ज्यांच्या दुकानातला होता ते जगदेवराव जवळ येऊन ती शिवण बघत राहिले. कीर्तन संपल्यावर त्यांनी तिला गाठलं.

"ताई, तुम्ही डावऱ्या?"

शरयूने पदर सावरला. आता हेही बोलणार, असं तिला वाटलं.

"असाच हात मी चार वर्षं शोधतोय," जगदेवराव म्हणाले.

आता या जगदेवरावांचं सांगायला हवं. पूर्वज दक्खनेतून फौजेबरोबर आलेले. पणजोबा तलवारीचे, आजोबांचा पाय लढाईत गेला म्हणून ते फौजेच्या तंबूखान्यात बसले, आणि मग घराणंच बसलं. जगदेवराव आणि त्यांचा भाऊ सूर्याजी, दोघांनी दरबारचे डेरे शिवले. १९४८ साली संस्थान विलीन झालं, तंबूखाना बंद झाला, तेव्हा दोघांनी टोपी बाजारात दोन खोल्यांचं दुकान थाटलं. सूर्याजी डावरा होता. आणि तंबूच्या कामात डावऱ्या माणसाची किंमत सोन्याची. पंचवीस हातांची लांब शिवण असली की दोन कारागीर दोन टोकांनी सुरू करतात. एक उजवा आणि एक डावा असला की कोणालाच उलटं बसावं लागत नाही. दोघं आपापल्या सोयीने टाके घालत मधोमध येऊन भेटतात. टाक्यांचा तिरपेपणा मात्र वेगळा पडतो. उजव्याचे एका अंगाला झुकतात, डाव्याचे दुसऱ्या, आणि मध्यावर ते असे भेटतात, जसे दोन शेजारी कुंपणावर रेलून गप्पा मारतात. सूर्याजी वारल्यापासून जगदेवरावांची शिवण मधोमध भेटत नव्हती.

त्या काळी शागिर्द ठेवणं सोपं होतं. दरबारच्या वेळी तर कागदच नव्हता. उस्तादाने सांगायचं, हा माझा शागिर्द, की खजिन्यातून वजीफा, म्हणजे शिकाऊचा भत्ता, सुरू. मध्यभारतात एक फॉर्म आला. जगदेवरावांनी तो भरला, शरयूला महिना वीस रुपये सुरू झाले, आणि गोपाळकृष्णांच्या घरी तीन दिवस कोणी तिच्याशी बोललं नाही. चौथ्या दिवशी गव्हल्यांची खीर करायची होती, तेव्हा बोलले.

दुकानाची एक रीत होती. दरबारच्या काळापासूनची. प्रत्येक कारागिराची एक खूण असायची: शिवण जिथे संपते तिथे रंगीत दोऱ्याचे तीन टाके. तंबू गळला, उसवला, तर कोणाचा हात ते कळावं म्हणून. जगदेवरावांची खूण निळी. शागिर्दाला खूण नसते. तो शिवतो ते उस्तादाच्या खुणेखाली, कारण गळलं तर लाज उस्तादाची. शिकणं पुरं झालं की उस्ताद त्याला रंग देतो. तोवर सगळं निळं. शरयूने तीन वर्षं शिवलं ते सगळं निळं.

आणि त्यातली शेवटची दोन वर्षं फक्त तिनेच शिवलं, हे गुपित होतं. म्हणजे टोपी बाजाराला माहीत होतं, फूलबागेला माहीत होतं, सुमनताईंना तर सगळ्यांत आधी माहीत होतं. फक्त जगदेवरावांना वाटायचं की गुपित आहे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एकदा त्यांनी किराणा दुकानाबाहेर उभ्या केलेल्या साखरेच्या पोत्याला अदबीने मुजरा केला आणि तब्येतीची विचारपूस केली. बाजार हसला नाही. म्हणजे त्यांच्या तोंडावर हसला नाही. ते रोज ओट्यावर बसत, मांडीवर कापड घेत, हातात दाभण धरत. शरयू समोर बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटीच शिवत असे. संध्याकाळी ते तिच्या शिवणीवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "इथे दोरा सैल. इथे घाई केलीत. भाजी फोडणीला टाकून आल्या होतात का?" आणि खरोखरच टाकून आलेली असायची.

नोव्हेंबर १९५६ मध्ये मध्यभारत गेलं, मध्यप्रदेश आला. राजधानी भोपाळ. लश्करची माणसं सुतक असल्यासारखी वागू लागली. फायली गाडीत बसून भोपाळला निघाल्या, त्यांच्या मागोमाग कारकून. गोपाळकृष्णांची बदली जूनला ठरली.

"वहिनी, तुमचंही तिकीट काढतोय," ते जेवताना म्हणाले. "तिथे क्वार्टर छोटं आहे, पण स्वयंपाकघर मोठं आहे."

"मी नाही येत, भाऊजी. माझं काम इथे आहे."

"काम? ते काय काम आहे? वजीफा चालू आहे तोवर ठीक. नवे नियम आलेत, मीच टाइप केलेत. शागिर्दी संपल्याचं प्रमाणपत्र ज्याच्याकडे, त्यालाच सरकारी तंबूंचं काम मिळणार. तुमच्याकडे आहे का?"

"मिळेल."

"मे अखेर मिळालं तर राहा खुशाल. नाही मिळालं तर चार तिकिटं. मंजूर?"

"मंजूर," शरयू म्हणाली, आणि त्यांच्या ताटातली पोळी गार होईपर्यंत दुसरी टाकली नाही.

नवे नियम खरोखरच नवे होते. पूर्वी एक फॉर्म, आता चार, तेही तीन-तीन प्रतींत. अर्धा वजीफा मालकाने द्यायचा. उस्तादाचा स्वतःचा हात कामात असला पाहिजे, नुसता गल्ल्यावर बसणारा चालणार नाही. आणि शागिर्दाने स्वतः केलेलं, ओळखता येण्याजोगं काम तपासणीत दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर प्रमाणपत्र नाही, आणि दिलेला वजीफा मालकाकडून परत वसूल.

एप्रिलमध्ये तपासणीला बाबू आला. बळवंत नावाचा, लश्करचाच मराठी पोरगा, पण बोलताना मध्येच हिंदीत घसरायचा. नेमकी शरयू तेव्हा घरी. जावेला ताप होता. जगदेवरावांनी छाती काढून त्याला तीन तंबू दाखवले.

"बघ बाबा. ही निळी खूण बघ. या दुकानातून माझ्या खुणेशिवाय एक चिंधी बाहेर जात नाही."

"म्हणजे काका, ये सब काम आपका है?"

"मग कोणाचं? हात लावून बघ, एक टाका ढिला दाखव."

"और शरयूताईचं?"

"ताईचंही हेच. सगळं माझ्याच खुणेखाली."

बळवंतने मान हलवली आणि लिहून घेतलं. उस्ताद आपल्या दुकानाची कीर्ती सांगत होता; बाबूच्या कागदावर मात्र ती अशी उतरली: सर्व काम मालकाचे. शागिर्दाचे काम, निरंक. म्हणजे शून्य.

ते कागद हातात आले तेव्हा जगदेवराव दोन दिवस जेवले नाहीत. शरयूने मात्र दोनच मिनिटांत उपाय शोधला होता, आणि तो तिने कोणालाही सांगितला नाही. उपाय टाक्यांतच होता. निळी खूण कोणाचीही असो, गेल्या दोन वर्षांतली प्रत्येक शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच अंगाला झुकलेली होती. कुठेही शेजारी कुंपणावर भेटत नव्हते. एवढं दाखवलं की काम तिचं ठरत होतं. पण त्याच क्षणी हेही ठरत होतं की जगदेवरावांनी दोन वर्षांत एक टाका घातलेला नाही. मग उस्तादाचा हात कामात नाही, वजीफा वसूल, दुकानाला कुलूप, आणि साखरेच्या पोत्याची गोष्ट सरकारी कागदावर.

"ताई, काहीतरी बोला," जगदेवराव म्हणाले.

"मेळाव्यात बोलू, काका."

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात खात्याने फूलबागेत मालक आणि शागिर्दांचा मेळावा ठेवला: नवे नियम समजावून सांगायचे आणि अडलेल्या प्रकरणांचा तिथेच निकाल लावायचा. भोपाळहून दौलतसिंह नावाचे साहेब आले. आता लश्करात एवढा मोठा शामियाना कोणाकडे? जगदेवरावांकडे. तो शरयूने हिवाळाभर शिवला होता आणि हमाल घेऊन तिनेच त्या दिवशी सकाळी उभारला. म्हणजे जिच्या कामावर निरंक लिहिलं होतं, तिच्याच कामाखाली खुर्च्या मांडून साहेब तिचा निकाल देणार होते. सुमनताई पहिल्या रांगेत जागा धरून बसल्या. गोपाळकृष्ण मागे उभे होते. खिशात तिकिटांचे पैसे.

मे महिन्यातली ग्वाल्हेरची दुपार ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळायचं नाही. लू, उत्तरेकडची ती गरम झळ, अशी वाहत होती की झाडावरचे कावळे चोच उघडी टाकून बसले होते. शामियान्याच्या आत मात्र बरं होतं.

दौलतसिंहांनी पाच-सहा प्रकरणं निकाली काढली. मग नाव पुकारलं. शरयू उभी राहिली.

"रिपोर्ट में लिखा है, आपका काम निरंक," साहेब म्हणाले. "तीन साल वजीफा लिया, एक चीज नहीं बनाई?"

"बनाई आहे, साहेब."

"तो दिखाइए. कोई निशान है आपका?"

शरयूने जगदेवरावांकडे पाहिलं. ते पुढच्या रांगेत ताठ बसले होते, चेहरा साहेबांच्या दिशेने असावा म्हणून जरा जास्तच डावीकडे वळवलेला. समोर साहेबांऐवजी पाण्याचा माठ होता, आणि ते माठाकडे अत्यंत आदराने बघत होते.

"निशाण नाही," शरयू म्हणाली.

"तो फिर प्रमाणपत्र नहीं. अगला नाम."

गोपाळकृष्णांनी मागे घसा खाकरला. शरयूने नमस्कार केला, पदर कमरेला खोचला, आणि शामियान्याच्या बाहेर गेली. सगळ्यांना वाटलं रडायला गेली. सुमनताईंनी तर आपला रुमालही तयार ठेवला.

मग ठक् असा आवाज आला. पुन्हा आला. व्यासपीठामागचा दोर ढिला पडला. शरयूने मेख उपटली, दोर गुंडाळला, दुसरी उपटली, आणि दोन हमालांना खूण केली. त्यांनी खांब अलगद आडवा केला आणि कापडाचं टोक मागे दुमडलं. दौलतसिंहांच्या टेबलावर ऊन पडलं. पांढरं, मे महिन्याचं, बारा वाजताचं.

"ये क्या बदतमीजी है?"

"काही नाही, साहेब," तिसऱ्या मेखेपाशी वाकलेली शरयू म्हणाली. "कागदावर माझं काम निरंक आहे. ते निरंक सोडवून घेतेय. उस्तादांनी शिवलेलं जे असेल ते राहील डोक्यावर."

मागच्या रांगांत कुजबुज झाली. साहेबांनी फाइल डोक्यावर धरली. बळवंत धावत आला.

"शरयूताई, प्लीज, साहब नाराज हो जाएंगे."

"होऊ देत की. निरंकाखाली बसलेल्याला ऊन लागतं, त्याला मी काय करू? सरक, पायाखाली दोर आहे तुझ्या."

चौथी मेख निघाली. तेव्हा जगदेवराव उठले. त्यांनी ओळखलं होतं. ही बाई तंबू पाडेल, भोपाळला जाऊन जन्मभर पोळ्या लाटेल, पण टाक्यांची दिशा कोणाला सांगणार नाही. ते उन्हाच्या उबेचा अंदाज घेत टेबलापर्यंत चालत गेले आणि खाली लोंबणारं कापड त्यांनी हातात घेतलं.

"साहेब, इकडे या. हात द्या. या शिवणीवरून बोट फिरवा. टाके कुठल्या अंगाला झुकतात?"

साहेबांनी फिरवलं. सावली हवी असलेला माणूस बरंच काही करतो.

"दाहिनी तरफ."

"या टोकापासून त्या टोकापर्यंत तसेच. हा डावऱ्या माणसाचा हात. मी उजवा. आता ही बाजूची कनात बघा, अडीच वर्षांपूर्वीची. इथे मधोमध टाके एकमेकांकडे झुकतात. अर्धी ताईंची, अर्धी माझी. त्यानंतर माझं अर्धं कुठेच नाही. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. हा सगळा बाजार जाणून आहे आणि सगळा बाजार खोटारडा आहे, तोंडावर कोणी बोलला नाही."

कोणीतरी हसलं. शरयूच्या हातातली मेख हातातच राहिली.

"काका, हे कशाला सांगितलंत?"

"तुम्ही सांगत नव्हतात म्हणून."

दौलतसिंहांनी घाम पुसला. "तब तो और मुश्किल. नियम कहता है, उस्ताद का हाथ काम में होना चाहिए. आपका तो है नहीं. दो साल का वजीफा वसूल होगा."

"हात नाही? कोण म्हणतं?" जगदेवरावांनी अंगठा पुढे केला. तो दाभणाने टोचून टोचून खडबडीत झालेला, लाकडासारखा. "डोळे गेलेत. या दुकानातली प्रत्येक शिवण या अंगठ्याखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही. थांबा." ते कापडावरून अंगठा फिरवत सरकू लागले. एक पट्टी, दुसरी पट्टी, तिसरी. चौथीवर थांबले. "इथे. एक टाका ढिला. ताईंना मी त्या दिवशीच म्हटलं होतं, उसवा. म्हणाल्या, भाऊजींना ऑफिसला उशीर होतोय, उद्या करते. तो उद्या राहून गेला."

साहेबांनी वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एकच टाका, बाकीच्यांपेक्षा केसभर सैल. मागे गोपाळकृष्ण बुटांकडे बघू लागले.

"आंधळ्याने शिकवलेल्या बाईचं काम आहे," जगदेवराव म्हणाले, "आणि त्याच्या सावलीत तुम्ही दोन तास बसलात. पाण्याचा एक माठ वर ओता. थेंब खाली आला तर वसूल करा सगळं."

बळवंत माठ आणायला निघालाच होता. साहेबांनी हाताने थांबवलं. त्यांच्या कपाळावरून घाम सरळ नियमांच्या प्रतीवर पडत होता आणि शाई पसरत होती.

"वसूली नहीं होगी," ते म्हणाले. "लेकिन वजीफा आज से बंद. और आगे इस दुकान को नहीं मिलेगा. अब वो मेखें लगवाइए."

शरयू मेख हातात घेऊन जागेवरच उभी होती.

"आधी कागद, मग मेख."

"विश्वास नहीं है?"

"आहे ना. तुमच्यावर आहे, साहेब. पण तुमची बदली झाली तर? आमच्याकडे नऊ वर्षांत तीन सरकारं झाली."

दौलतसिंहांनी भर उन्हात उभं राहून प्रमाणपत्रावर सही केली, तिन्ही प्रतींवर. सुमनताईंनी वर्षभर सांगितलं की शाई उन्हाने सही करता करताच वाळली. मग शरयूने चारही मेखा पुन्हा ठोकल्या आणि त्या ढिल्या टाक्यापाशी दाभण घेऊन बसली. उसवून, नवा घालून, मगच उठली.

गोपाळकृष्णांनी तीन तिकिटं काढली. निघताना त्यांनी घराची किल्ली तिच्या हातात दिली. भाडं आता तिचं. "वहिनी, तिथे पोळ्या कोण..." एवढं म्हणून ते थांबले, कारण जाऊ त्यांच्याकडे बघत होती.

जगदेवरावांनी रीतीप्रमाणे तिला रंग दिला. म्हणजे दोऱ्यांची पेटी पुढे ठेवली आणि म्हणाले, निवडा. मला दिसणार नाही, पण सांगा. शरयूने कुंकवाच्या रंगाचा लाल दोरा उचलला. विधवेने लाल? यावर फूलबागेपासून टोपी बाजारापर्यंत जे काय बोललं गेलं ते सगळं सुमनताईंनी तिला रोज नियमाने आणून पोचवलं, आणि तिने प्रत्येक वेळी त्यांना एक सुईचं पाकीट विकलं.

पुढे तिने वजीफ्याशिवाय शागिर्द ठेवले. नवऱ्याने टाकलेल्या दोघी, एक पेन्शनीतला शिपाई. वजीफा नव्हता म्हणून तपासणीही नव्हती. फक्त एक रीत तिने मोडली. जगदेवराव त्यावर कुरकुरले, मग त्यांनी मान्य केलं. शागिर्द आला की पहिल्याच दिवशी ती त्याच्या हातात रंग द्यायची. "गळलं तर लाजही तुझी," ती म्हणायची, "पण निरंक कोणी लिहायचं नाही."

तीन-चार वर्षांनी भोपाळला एका सरकारी समारंभात गोपाळकृष्ण शामियान्यात बसले होते. उन्हाळाच होता. कंटाळा आला म्हणून वर पाहिलं, तर शिवणीच्या टोकाला तीन लाल टाके, आणि सगळी शिवण उलट्या अंगाला झुकलेली. जाऊ सांगते, ते बराच वेळ वर बघत राहिले. खुर्ची मात्र त्यांनी हलवली नाही. बाहेर ऊन फार होतं.